रुमालाखालची तीन बोटे

सिद्रामप्पा मन्मथप्पा हालकुडे (१९२४–१९९७). राहणार मुरुड, शिक्षण हैदराबादेत. एकतीस वर्षे गणिताचे शिक्षक, आणि १९८२ साली लातूर जिल्हा नवा झाला त्याच वर्षी निवृत्त होऊन लातूरच्या एका कंपनीचे चिटणीस.

कंपनी त्यांच्याच विद्यार्थ्याची, बसवंतची. बोअरचे पाणी आटताच मोटार आपोआप बंद करणारी इलेक्ट्रॉनिक पेटी तो बनवी. शहाऐंशीच्या दुष्काळात बोअर आटू लागले, मोटारी जळू लागल्या आणि पेटीची मागणी कारखान्याला झेपेना. लोकांना शेअर विकून कारखाना वाढवायचे ठरले. प्रश्न एवढाच उरला, की ते शेअर नोंदवायचे कोणत्या शहराच्या शेअरबाजारात?

सिद्रामप्पांनी हैदराबाद सुचवले. तिथले दलाल ओळखीचे होते आणि तेलंगणात पेट्याही खपत होत्या. बसवंतने मान डोलावली होती. तेवढ्यात पुण्याच्या बँकेतून निवृत्त झालेले गुरुबसप्पा सल्लागार म्हणून आले. हे सिद्रामप्पांचे वर्गमित्र, आणि शाळेतही एका गुणाने पुढे राहिलेले. पूर्वी बसवंत फक्त गुरुजी आले की उभा राही. आता गुरुबसप्पांसाठीही उभा राहू लागला. गुरुजींची पंख्याखालची खुर्चीही त्यांच्याकडे गेली. त्या खुर्चीकडे पाहिल्याविना सिद्रामप्पांचा एक दिवस गेला नाही.

गुरुबसप्पांचे म्हणणे असे, की मुंबईत मोठ्या कंपन्यांच्या गर्दीत आपल्या शेअरला कोणी विचारणार नाही. पुण्याच्या नव्या शेअरबाजारातल्या दलालांना कारखानदारी कळते, आणि शेअर घेणाऱ्याला एसटीने जाऊन येता येते. शेवटी ते म्हणाले, "जिल्हा नवा, बाजारही नवा. दोघं बरोबरीनं वाढतील." हे वाक्य आपल्याला का सुचले नाही, याची रुखरुख सिद्रामप्पांना आठवडाभर पुरली.

दोघांपैकी कोणाला दुखवायचे नाही म्हणून बसवंतने तोड काढली. शेअर घेणार मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, अडतेच, त्यांनाच विचारावे. विचारणार गुरुजी, कारण त्यांच्या शब्दावर सगळ्यांचा भरवसा.

पहिल्याच दुकानात सिद्रामप्पा अडले. अडत्या म्हणाला, "गुरुजी, तोंडानं कोनाचं नाव घ्यावं? दोघं बी आमचेच. रुमाल काढा."

मोंढ्यातली भाव ठरवायची रीतच ती. रुमालाखाली हात हातात घ्यायचा, बोटे दाबायची. बाजूच्याला कळत नाही. मुंबईला एक बोट, पुण्याला दोन, हैदराबादला तीन असे ठरले. पंचवीस दुकाने झाली. सहा जणांनी एक बोट दाबले, एकोणीस जणांनी दोन. तीन कोणीच दाबली नाहीत. पण हे ठाऊक होते एकट्या सिद्रामप्पांना. हैदराबाद म्हणून सांगितले, तर खोटे ठरवणार कोण? पंचविसाव्या दुकानातून बाहेर पडेपर्यंत त्यांचा बेत पक्का झाला होता.

शेवटच्या, सव्विसाव्या दुकानात गुरुबसप्पा बसलेले होते. अडत त्यांच्या भावाची. ते हसून म्हणाले, "मी पण शेअर घेणार की. हात आण, सिद्राम."

रुमालाखाली तीन बोटे दाबली गेली. हैदराबाद.

सिद्रामप्पांनी हात ओढून घेतला. ही कीव होती की थट्टा? की खरेच मन बदलले? गुरुबसप्पांच्या चेहऱ्यावर काहीच दिसेना. आता हैदराबाद झाले असते, तर ते या माणसाने ओंजळीत घातलेले दान ठरले असते. खुर्ची गेली ती गेली. वर उपकार घ्यायला ते तयार नव्हते.

ते थेट कचेरीत गेले आणि उभ्यानेच म्हणाले, "पुणे. एकोणीस. मुंबई सहा. हैदराबाद एक."

"एक कोण, गुरुजी?" बसवंतने विचारले.

"रुमालाखालचं बाहेर काढायचं नसतं."

नोंदणी पुण्यात झाली. गुरुजींच्या सचोटीची गोष्ट मुरुडात बरीच वर्षे सांगितली गेली. ते ती ऐकत आणि विषय बदलत. तीन बोटे का दाबली, हे त्यांनी विचारले नाही, गुरुबसप्पांनी सांगितले नाही. एक्क्याण्णव साली गुरुबसप्पा गेले. बसवंतने पंख्याखालची खुर्ची गुरुजींपुढे केली. ते बसले नाहीत. शेवटची सहा वर्षे त्यांनी भिंतीकडच्या बाकावरूनच काम केले.