पोलो चॅम्पियनचं मधलं नाव

भारतात फोन करायला कॉलिंग कार्ड लागायचं, त्या दिवसांत सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, अर्विंगला आले. बॅगेत लोणच्याची बरणी आणि त्यांच्या वडिलांचा पोलोचा फोटो. बरणी वाटेत फुटली. फोटो शाबूत पोचला, माझं नशीब.

फोटोत संस्थानाची टीम होती: चार खेळाडू घोड्यांवर, मध्ये चांदीचा कप. डावीकडून दुसरे, भरघोस मिशांचे, ते म्हणे सासऱ्यांचे वडील. हे ग्रोसरीतल्या कॅशियरलासुद्धा कळलं होतं. सोफ्याच्या हातावर स्वार होऊन, झाडू फिरवून ते वडिलांचा शॉट दाखवायचे. त्यात माझा चांगला लॅम्प गेला.
"सोड ना यार," नवरा म्हणाला, "खूश आहेत ते."
"मग घोडाही आणून द्या," मी म्हटलं.

तिसरीतल्या लेकीने शाळेत सांगून टाकलं की आजोबा म्हणजे चॅम्पियनचा मुलगा. बाईंनी त्यांना वर्गात बोलावलं. चार दिवस त्यांची इंग्रजीची तालीम चालली. नवऱ्याने फोटो फ्रेममधून काढून स्कॅन केला.

मीही सोबत गेले. वर्गात सासरे कोट घालून उभे राहिले आणि उत्साहाच्या भरात फळ्यावर स्वतःचं पूर्ण नाव लिहून म्हणाले, आमच्यात मधलं नाव वडिलांचं असतं. मागे पडद्यावर फोटो आला. फ्रेमखाली दडलेली ओळ आता हातभर मोठी दिसत होती. चार सरदारांची नावं, खाली चार घोड्यांची.

लेकीने फळा वाचला, मग पडदा. "आजोबा, युअर डॅड्स नेम इज नॉट हिअर."

हा क्षण मी किती दिवस मागितला होता. आता मलाच ढसाढसा रडू येईल असं वाटलं. लेक त्यांच्याकडे बघत होती.

त्यांनी पडद्याच्या कडेला बोट ठेवलं. तिथे घोड्याचा लगाम धरून एक मोतद्दार उभा होता, अनवाणी.
"माय फादर," ते म्हणाले. "ही लुक्ड आफ्टर द हॉर्सेस. आय टोल्ड अ लाय."

लेकीने क्षणभर विचार केला, फळ्यावरचं मधलं नाव कागदावर उतरवलं आणि घरी आल्यावर फोटोखाली चिकटवलं.

सासरे आता नाहीत. फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. यातला चॅम्पियन कोण, असं पाहुण्यांनी विचारलं की मी त्या अनवाणी माणसाकडे बोट दाखवते.