रिकामा रकाना

मी इंग्रजी शिकलो ते पाटीवर चार उभे रकाने आखून. खालापूरच्या कचेरीतून पेन्शन घेतलेले एक गृहस्थ आपल्या ओटीवर आम्हां चौघांना शिकवीत. पहिला रकाना सर्वनामाचा, दुसरा क्रियापदाचा, तिसरा विशेषणाचा आणि चौथा क्रियाविशेषणाचा. नाम कुठे बसवायचे ते मास्तर तोंडी सांगत. ते म्हणत, "वाक्य म्हणजे चौघांच्या खांद्यावरची पालखी. एक खांदा निघाला की कलंडली." रकाना रिकामा राहिला तर एक गुण जाई. माझा कधी गेला नाही. विशेषणे मला तीस-बत्तीस येत होती, क्रियाविशेषणे मात्र अकराच. ती मी पाळीपाळीने वापरी, आणि एका कागदात एक शब्द दोनदा येऊ देत नसे.

या रीतीला मी त्या वेळी विद्या समजत होतो. पुढे कर्जत स्टेशनात मालाच्या कचेरीत कारकून लागलो, तेव्हा तीच रीत बरोबर नेली. घाटात काम करणाऱ्या लोकांना साहेबापुढे काही मांडायचे असले की ते माझ्याकडे येत. ते मराठीत सांगत, मी इंग्रजीत लिही. दोन वर्षांत असे एकेचाळीस कागद लिहिले. सगळ्यांच्या नकला मी ठेवल्या होत्या.

बेचाळिसावा कागद घाटातल्या एका पहारेकऱ्याचा होता. माझ्याच वयाचा, पळसदरीजवळच्या वाडीतला शेतकरी. पावसाळ्यात रुळावर दरड आली आहे का, हे बघत फिरायचे, हे त्याचे काम. श्रावणात एका दुपारी रुळावर मोठा दगड आला. कर्जतहून मालगाडी चढत होती. हा लाल बावटा घेऊन खाली गेला आणि गाडी थांबली. पण ती थांबली वळणावर, एकदम, आणि त्या हिसक्याने मागच्या डब्यातल्या गार्डाचा हात मोडला. पहारेकरी वळणाच्या पुढे पोचला असता तर ड्रायव्हरला बावटा लांबूनच दिसला असता, असे साहेबाचे म्हणणे पडले. चार दिवसांत लेखी जबानी द्या, नाहीतर नोकरीवरून कमी करू, असा हुकूम आला. नोकरी गेली की रुळाजवळची खोलीही जाणार होती, आणि बायको बाळंतीण होती.

तो माझ्या टेबलापाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "लिवा भाऊसाहेब. दगड बघितला. बावटा घेतला. गाडीकडं गेलो. गाडी थांबली."

"एवढंच?"

"एवढंच तर झालं. अजून काय व्हायला पायजे होतं?"

मी लिहू लागलो. मराठीत 'गेलो' म्हटले की कोण गेला ते त्यातच येते. इंग्रजीत तसे चालत नाही, दर वेळी माणूस पुढे उभा करावा लागतो. मी लिहिलेले वाचून दाखवले, तेव्हा त्याला बाकी काही कळले नाही, पण 'आय' ऐकू आला.

"ह्ये आय आय काय हाय?"

"मी. मी बघितला, मी घेतला, मी गेलो."

"एवढं मी मी कशाला, भाऊसाहेब? सायबाला वाटंल, लय फुशारकी मारतोय."

मी हसलो आणि त्याचा अंगठा घेतला.

त्याने सांगितली होती चार वाक्ये आणि त्यांत रकाने रिकामे होते. म्हणून लिहितानाच दगडाला मी 'मोठा' हे विशेषण लावले होते, ते खरेच होते. बावटा घेतला त्याला 'त्वरेने' लावले. 'गेलो'पाशी आलो तेव्हा 'त्वरेने' वापरून झालेले होते. मग मी 'केअरफुली' घातले. जपून, काळजीपूर्वक. ओल्या रुळावरून माणूस जपूनच जाणार, आणि काळजीपूर्वक काम करणारा नोकर साहेबाला आवडेल, असा माझा हिशेब. कागद सुबक झाला. चारी रकाने भरले.

तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. त्याला कमी केल्याचा कागद त्याच्या हातात होता. त्यात साहेबाने लिहिले होते, की पहारेकरी स्वतःच कबूल करतो की तो जपून गेला. गाडी समोरून येत असताना जो जपून जातो तो या कामाचा नाही.

मी त्याला मराठीत अर्थ सांगितला. त्याने कागद परत घेऊन त्यावर बोट ठेवले. मग म्हणाला, "जपून? मी जपून गेलो असं कोन बोललं?"

"तू कसा गेलास?"

"धावलो ना! दोनदा पडलो. ह्ये बघा." त्याने धोतर वर केले. गुडघ्यावर हातभर फडके बांधलेले होते. ते त्या दिवशीही होतेच. तो उकिडवा बसताना कण्हला होता, तेही मी ऐकले होते.

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं कुठं? गाडी येताना मानूस कसा जाणार, ह्ये काय सांगायला लागतं?"

घरी जाऊन मी एकेचाळीस नकला काढल्या आणि ज्या शब्दांबद्दल सांगणाऱ्याने एक अक्षर उच्चारले नव्हते त्यांखाली रेघ मारीत गेलो. चौसष्ट निघाले. नाराज, नम्र, नेहमी, मनापासून. त्या शब्दांनी कुणाचे वाईट झाले नव्हते, कदाचित बरेही झाले असेल. पण ते त्या माणसांचे नव्हते. मी त्यांच्या तोंडात घातले होते, आणि त्यांनी खाली अंगठे दिले होते.

सकाळी मी घाटात गेलो. पहारेकऱ्याने दगडाची जागा दाखवली आणि गाडी थांबली ती जागाही. रुळाच्या कडेला पाव-पाव मैलाचे खांब असतात. मधे तीन पाव भरले, म्हणजे पाऊण मैल. दगड पडण्याआधी एक मोकळे इंजिन शेजारच्या रुळावरून त्याच जागेने खाली आले होते आणि त्याच्या ड्रायव्हरला दोन्ही रूळ साफ दिसले होते. ते तिथून गेल्याची वेळ ड्रायव्हरने सांगितलेली स्टेशनच्या वहीत होती. मालगाडी थांबल्याची वेळ गार्डाच्या वहीत होती. दोहोंत आठ मिनिटांचे अंतर. सपाट रस्त्यावर भराभर चालणाऱ्यालाही पाऊण मैलाला अकरा मिनिटे लागतात. हा आठाच्या आत, ओल्या खडीवरून, उतारावर पोचला होता.

मग साहेबाच्या बंगल्यावर गेलो. वाटेत वाक्ये जुळवीत होतो, पण समोर उभा राहिल्यावर रकाने आठवेनात. मी म्हणालो, "आय रोट. ही डिड नॉट से." मी लिहिले, तो म्हणाला नाही. इंग्रजीत इतके लहान वाक्य मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. साहेबाने विचारले, मग तू का लिहिलेस? त्याला रकान्यांची गोष्ट सांगण्याइतके इंग्रजी मला येत नव्हते. मी आकड्यांचा कागद पुढे केला.

त्याने तो दोनदा वाचला. दोन्ही वह्या मागवल्या. पहारेकऱ्याला बोलावून गुडघा पाहिला. मग जबानीतला तो शब्द तांबड्या शाईने खोडला आणि शेजारी मला सही करायला लावली. पहारेकऱ्याची नोकरी राहिली. मला लेखी ताकीद मिळाली, आणि त्या वर्षीची माझी बढती दुसऱ्याला गेली. त्यात साहेबाचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

मला वाटले होते, तो आता माझ्याकडे कागद घेऊन येणार नाही. दुसरा लिहिणारा स्टेशनात नव्हता म्हणून असेल, पण माघात तो आला. त्याच्या बहिणीचे लग्न होते. टेबलापाशी बसला आणि म्हणाला, "बहिणीचं लगीन हाय. चार दिस रजा पायजे. मी सांगतो तेवढंच लिवा हां, भाऊसाहेब. वर फोडणी नको."

मी टाक उचलला आणि थांबलो. आता न विचारता काही लिहायचे नाही, असे ठरवले होते. म्हणून विचारले, "लग्न कुठं? कसं? रजा किती निकडीची?"

तो म्हणाला, "लगीन कसं म्हंजे? लगीन असतं तसं! तुमचं झालं का नाय अजून?"

शेजारच्या टेबलावरचा तिकीटबाबू मोठ्याने हसला. मी दोन वाक्ये लिहिली. विशेषण नाही, क्रियाविशेषण नाही. मास्तरांनी दोन्ही वाक्यांचे मिळून चार गुण कापले असते. मी वाचून दाखवताना त्याने बोटांवर शब्द मोजले, मान हलवली आणि अंगठा दिला.

रजा मागितली तेवढीच, चार दिवसांची, मंजूर झाली.