धागा शाबूत असताना

शंकरप्पा जॉबरचा हात लागला की मेलेला मागसुद्धा उठून बसतो, असं इचलकरंजीत म्हणत. पण माणूस भलताच तापट. विणकरानं उगाच माग बंद ठेवलेला दिसला, की ह्याच्या तोंडाचा पट्टा सुरू. "धागा तुटलाय का? न्हाय न्हवं? मग?"

हाच 'मग?' त्यानं तीन वर्षं बायकोला ऐकवला.

शांतव्वा त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. एके दिवशी चालत्या मागातून आडवा धागा नेणारा धोटा उडाला आणि तिच्या डाव्या मनगटावर बसला. चाळीस मागांच्या खडखडाटातसुद्धा तिची किंकाळी शंकरप्पाला ऐकू गेली. तेव्हा काय धावपळ! मालकानं स्वतःची गाडी काढली, शेजारणींनी महिनाभर भाकऱ्या पुरवल्या. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, एक्स-रेचा फोटोही चांगला आला. दुखणं मात्र गेलंच नाही. पदराचं टोक मनगटाला लागलं तरी निखारा ठेवल्यागत आग व्हायची. शेजारणी आधी हळहळल्या, मग नाकं मुरडायला लागल्या. शंकरप्पा तर एक्स-रेचा फोटो उजेडात धरायचा. "कुठं मोडलंय, दाव की!"

बिचारी काय दाखवणार, कपाळ! एकदा मात्र ती रडत म्हणाली, "मला औषध बी नगं. एकदा म्हणा, शांते, तुजं खरं हाय."

त्यानं म्हटलं नाही.

शेवटी लेकीनं, सुष्मितानं, दोघांना कोल्हापुरात एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या फक्त जुनाट दुखणीच बघायच्या. त्यांनी शांतव्वाचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मार बसला की नस मेंदूला निरोप धाडते. ते चांगलंच, म्हणून तर माणूस हात मागं घेतो. जखम भरली की निरोप थांबायला हवा. कधीकधी नसा आणि मेंदूच इतके हळवे होऊन बसतात, की जखम नसतानाही निरोप चालूच राहतो. पण दुखणं शंभर टक्के खरं बरं का."

शंकरप्पा खुर्चीत सावरून बसला. मागाला एक बारका काटा असतो. आडवा धागा तुटला की तो माग थांबवतो. काटाच बिघडला, तर धागा शाबूत असूनही माग सारखा बंद पडतो. अरे, जन्मभर हेच तर दुरुस्त केलं!

"म्हंजे काटा बिघडलाय हिचा!"

"तसंच समजा," बाई हसल्या. त्यांनी गोळ्या दिल्या, हात रोज थोडाथोडा वापरायला सांगितला. निघताना बजावलं, "नवीन काही दुखलं तर मात्र अंगावर काढू नका."

पायऱ्या उतरताना शंकरप्पा म्हणाला, "चुकलं माजं. शांते, तुजं खरं हाय." ती तिथंच पायरीवर ढसाढसा रडली.

पुढचं वर्षभर घरात हसू होतं. पण जॉबर तो जॉबरच. घाई असली की जॉबर लोक बिघडलेला काटा दुरुस्त करत बसत नाहीत, तारेनं बांधून टाकतात. मग धागा खरंच तुटला तरी माग थांबायचं नाव घेत नाही. शंकरप्पानं घरातही तेच केलं, आणि तेही मायेनं. ती कण्हली की हा म्हणायचा, "काटा हाय गं त्यो. लक्षच द्यू नगंस." बाईंचं शेवटचं बोलणं तो पार विसरला. हळूहळू तीही स्वतःला तेच सांगायला लागली.

थंडीतल्या एका सकाळी तो कामावर निघाला होता. शांतव्वा चुलीपुढं घामानं थबथबली होती.

"अवं, आज दंडापातूर चढलंय. जबडा बी दुकतोय. दम लागल्यागत हुतंय."

"काटाच," चपला पायात सारत तो म्हणाला.

"व्हय, काटाच आसंल," ती म्हणाली आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

दुपारी शेजारणीचा फोन आला. तो दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. हृदयविकाराचा झटका होता. तरुण डॉक्टर कागद भरत होता.

"दुखायला कधी लागलं होतं? घरात कुणाला सांगितलं नाही का त्यांनी?"

"सांगितलं की," शंकरप्पा म्हणाला. "सकाळीच सांगितलं. मला सांगितलं."