आष्टीच्या छावणीत, फाटकाच्या आत आणि बाहेर

पुण्यातल्या माझ्या दवाखान्यात सोफ्यावर झोपणारे पेशंट येतात. पग, पर्शियन मांजर, फार तर एखादा पोपट. त्यामुळे आष्टीकडच्या एका सहकारी दूध संस्थेनं दुष्काळात चारा छावणी उघडली आणि जनावरांचा डॉक्टर हवाय असा निरोप आला, तेव्हा मी लगेच बॅग भरली. म्हशीला हात लावून मला वर्षं झाली होती!

तुम्हाला जायचं असेल तर नगरपर्यंत एसटी, तिथून आष्टीची गाडी. वाटेत सावली म्हणून नाही, टोपी आणि पाणी घ्याच. जेवायला भाकरी, पिठलं आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा छावणीतच मिळतो.

पहिल्या दिवशी काय मजा आली म्हणून सांगू! बैलाचं शिंग, गाढवाचा कान, मेंढ्यांचे खूर, एका कोंबडीचा लंगडा पाय. छावणीत फक्त गाई-म्हशी-बैल घेतात, म्हणून बाकीची मंडळी फाटकाबाहेर माझी वाट बघत होती. गाढवानं लाथ घातली, तरी मी आपली खूश.

दुसऱ्या दिवशी गंगूमावशींनी गाठलं. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, मागे त्या आणि गाभण म्हैस राणी.

"छावणीत आल्यापसून चाऱ्याला तोंडच लावीना बगा. ही बी जाईल अन् पोटातलं बी. पोरं आल्यावर काय सांगू?"

ताप पाहिला, पोट ऐकलं, जीभ तपासली. सगळं ठीक! मग खात का नाही? तेवढ्यात फाटकाबाहेर एक शेळी ओरडली. राणीनं कान टवकारले आणि दावं ताणून तिला ओ दिली.

"मावशी, ती शेळी कुणाची?"

"आमचीच ठकी. घरी दोघी एकाच गव्हाणीला ऱ्हातात. हितं तिला घेत न्हाईत."

संस्थेचे सचिव नियमाला पक्के. "शेळी चालायची न्हाई, म्याडम."

मग मी औषधाची चिठ्ठी लिहिली: शेळी, एक. म्हशीशेजारी बांधावी. म्हैस व्यायेपर्यंत. खाली सही ठोकली.

सचिवांनी ती पुन्हा पुन्हा वाचली. "आता औषधाला कसं न्हाई म्हनू?"

ठकी आत आली आणि तिनं सरळ राणीच्या पुढ्यातल्या उसाच्या वाढ्यांत, त्या हिरव्या शेंड्यांत, तोंड घातलं. जरा वेळानं राणीनंही घातलं. मावशींनी पदर डोळ्यांना लावला. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू?

आता पुण्यात एखादा पग जेवत नसला की मी आधी विचारते, याचं घरात कुणाशी जमतं? परवा सचिवांचा फोन आला.

"राणीला रेडी झाली. पर म्याडम, तुमी लई घोळ घातला! आता जो तो म्हनतोय, आमची म्हैस खाईना, शेळीची चिठ्ठी द्या."

"मग पाठवू का चिठ्ठ्या?"

फोनमध्ये त्यांच्या मागून शेळ्यांचा एवढा कालवा ऐकू आला, की उत्तराची वाट बघावी लागली नाही.