वारा बघून पळायचं की घरात बसायचं

भोपाळला वायूने माणसं मेली, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी रत्नागिरीच्या बंदराजवळ एका बर्फाच्या कारखान्यात कारकून होतो. बर्फ गोठवायला तिथे अमोनिया वापरत. वायू गळाला तर काय करायचं ते वस्तीला समजावा, असं सरकारी पत्र आलं. मालकांनी ते माझ्याकडे दिलं. मला वायूतलं काही कळत नव्हतं, अक्षर तेवढं बरं होतं.

मी कागदावर लिहिलं : भोंगा वाजला की ओलं फडकं नाकाला लावून भाट्याच्या पुलाकडे निघा. तो कागद घरोघरी वाचून दाखवला. मागच्या आळीत सुकी मासळी विकणाऱ्या एक वयस्क बाई राहत. सगळे त्यांना चाची म्हणत. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं.

"सकाळी वारा जमिनीवरून येतो, दुपारी दर्यावरून," त्या म्हणाल्या. "मग दोन्ही वेळा एकाच बाजूला कसं पळायचं, बाबा?"

मी कारखान्यातल्या मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, वाऱ्याला आडवं जायचं. मालक म्हणाले, दारं लावून घरातच बसायचं. पत्रात दोन्ही होतं. मी गोंधळलो आणि कागद तसाच ठेवला.

दिवाळीनंतर एका दुपारी पाइपाचा जोड सुटला. मिस्त्री डोक्यावर ओलं पोतं घेऊन आत शिरला, मी भोंगा वाजवला. बाहेर येऊन बघतो तर काही लोक पुलाकडे धावताहेत, काहींनी दारं लावलीत आणि काही काय झालं ते बघायला आमच्याकडेच येताहेत. मी हात हलवत होतो, पण कुणीकडे, ते मलाच कळेना. चाचींनी ओढणीचं टोक हवेत धरलं, मग शेजारणींना घेऊन कारखान्याला लांबून वळसा घालत दर्याकडे गेल्या. वायू मात्र पुलाच्याच दिशेने सरकत होता.

मिस्त्रीने व्हॉल्व्ह बंद केला. त्याचे डोळे आठवडाभर सुजलेले होते. जीव कुणाचा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी चाचींना विचारलं, आता कागदावर काय लिहू?

"मला काय ठाऊक? वारा पडलेला असता तर मी पण घरातच बसले असते."

परत येताना पुलाकडे पळालेला एक खलाशी भेटला. खोकत होता, डोळे लाल. म्हणाला, "तुम्ही सांगून ठेवलंत म्हणून वाचलो." त्याला काय सांगायला हवं होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.