शिवणीत जाणारं एक बोट

येरमाळ्याचा डोंगर दिसायला लागला, तेव्हा हरणाबाई तिसऱ्यांदा रस्त्याच्या कडेला बसली. गावातून निघून आम्ही सहा किलोमीटर चाललो होतो आणि थोडं थोडं अंतर गेलं की ती धुळीत काडीनं तोच चौकोन काढत होती. एका मोटारसायकलवाल्यानं थांबून विचारलं, मावशी, काय हरवलं का. मान वर न करता ती म्हणाली, "तीन हाय का चार, तेवढं सापडंना. तू जा."

पंधरा दिवसांपूर्वी तिनं दहावीच्या बीजगणिताचा पेपर दिला होता. वय सेहेचाळीस. बाकीचे विषय गेल्या साली सुटले, एवढा एकच राहिला. मी आमच्या अंगणवाडीची सेविका आणि ती सोळा वर्षं माझी मदतनीस. पुढच्या साली मी निवृत्त होणार. माझ्या जागी बसायचं तर दहावीचा कागद पाहिजे, असं तिला साहेबांनी सांगितलं होतं. म्हणजे माझी खुर्ची घ्यायला निघालेल्या बाईला मीच शिकवत होते, आणि हे ती मला दर शनिवारी ऐकवत होती.

हरणाबाई धनगराच्या घरची. बापाच्या मेंढरांमागं फिरता फिरता सातवीत शाळा सुटली. तोंड मात्र कधी मिटलं नाही तिचं. एकदा तपासणीच्या मॅडमनी पोरांच्या वजनकाट्यावर शंका घेतली, तर हिनं त्यांनाच काट्यावर उभं केलं आणि आकडा चार बाया ऐकतील असा वाचला. काटा बरोबर आहे, असं लिहून मॅडम लगेच गेल्या.

गावातल्या निम्म्या घरांत तिच्या हातची वाकळ, म्हणजे चिंध्यांची गोधडी, आहे. बीजगणित तिच्या डोक्यात शिरलं तेही वाकळीतूनच. वर्गत्रिपदीचे अवयव मी महिनाभर फळ्यावर शिकवले. गुणाकार बारा आणि बेरीज सात येईल अशा दोन संख्या शोध, असं म्हटलं की ती जांभई द्यायची. मग एक दिवस मी तिच्या चिंध्यांचं गाठोडं सोडलं. जुन्या लुगड्याचा एक मोठा चौकोन ठेवला, तो एक्सचा वर्ग. त्याच्याएवढ्याच लांब, चार-चार बोटं रुंद अशा सात पट्ट्या, ते सात एक्स. आणि चार बोटं लांब, चार बोटं रुंद असे बारा छोटे तुकडे. म्हटलं, सगळं वापरून एक सरळ वाकळ मांड. भोक नको, काही उरायला नको.

तिनं एका बाजूला पाच पट्ट्या लावल्या, दुसरीला दोन. कोपऱ्यात दहा तुकडे बसले, दोन उरले. तिनं ते बाजूला सारले, पट्ट्या उचलल्या, तीन इकडं आणि चार तिकडं लावल्या. कोपऱ्यात बारा तुकडे अगदी नीट बसले. पोरांची खिचडी करपली त्या दिवशी, आणि दोघींनाही वास आला नाही.

त्यानंतर तिचा हात असा चालला की मी खूश होऊन दहा गणितांची चाचणी घेतली. दहाही चुकली. पहिल्याचं उत्तर एक्स अधिक तीन, एक्स अधिक चार असं यायला हवं होतं. तिनं लिहिलं चार आणि पाच. पुढं दोन आणि सहाच्या जागी तीन आणि सात. शेवटपर्यंत प्रत्येक आकडा एकानं जास्त. मी दहा फुल्या मारल्या. दिवसभर तिनं ताटं एवढी आपटली की पोरं रडायला लागली. संध्याकाळी मी विचारलं, हा एक आला कुठून?

"शिवणीत जातंय की," ती म्हणाली. "जेवढ्याला तेवढं कापलं तर वाकळ आखूड व्हती. म्या एक-एक बोट सोडूनच धरलंय. एवढं बी ठाव न्हाय तुमाला?"

मी हसून हसून भिंतीला टेकले. मग सांगितलं, ही वाकळ नुसती मांडायची, शिवायची नाही. ते तिला मुळीच पटेना. मांडलेली वाकळ टाका न घालता सोडून उठायचं नाही, असं तिच्या आईनं सांगितलेलं. शेवटी तोड निघाली. कंस लिहून झाले की त्यांचा गुणाकार करून पडताळा घ्यायचा. मूळ गणित परत आलं की टाका पडला. त्या टाक्यात कापड जात नाही. हे तिनं मानलं, पण तोंड वाकडं करून.

आता पेपरात एक्सचा वर्ग अधिक आठ एक्स अधिक पंधरा आलं होतं. तीन आणि पाच हे तिला परीक्षेतच सुचलं. पण लिहिताना हातानं जुन्या सवयीनं चार आणि सहा तर नाही ना केलं, हे काही केल्या आठवेना. बाकीचे मार्क मोजून ती काठावर होती. पास-नापास या एका गणितावर. म्हणून येरमाळ्याच्या डोंगरावरच्या येडाईला पायी येण्याचा नवस, आणि शिकवलं मी म्हणून सोबत माझेही पाय.

तिसऱ्यांदा उठवलं, तेव्हा मी विचारलं, पडताळा घेतला होतास का?

"घेतला की. टाका घातल्याबिगर उठते का म्या?"

"मग शेवटी किती आले?"

ती चालता चालता थांबली. डोळे मिटले. "पंधरा. खाली रेघ बी मारली."

चार सक चोवीस, मी म्हटलं. चार आणि सहा लिहिलं असतंस तर पंधरा आले नसते.

तिनं बोटांवर एकदा मोजलं, परत मोजलं. हातातली काडी फेकली, पदर खोचला आणि अशी चालायला लागली की मला गाठता गाठता धाप लागली. पायऱ्या चढून आम्ही देवीला ओटी भरली. मी डोळे मिटून उभी राहिले. ओटी भरताना माझं दरवर्षी एवढंच मागणं असतं, की माझ्या हातून कुणाचं वाईट होऊ नये. डोळे उघडले तर ही माझ्याकडंच बघत होती, कुंकू कपाळभर पसरलेलं.

खाली उतरताना तिनं माझा हात धरला. मला वाटलं, गुडघ्याला आधार देतेय.

"बाई, एक मागू का? तुमी निवृत्त व्हायच्या आधी, एकच दिवस," ती म्हणाली, "म्या खुर्चीत बसते. तुमी झाडून काढा, खिचडी करा. आन् म्या हाक मारली की व्हय बाई म्हणा."