तापीच्या मुखाशी आखाजीची घागर

"वरचं काहीही इथपर्यंत येत नाही," मी माइकवर म्हणालो. "खानदेशातून आलेली तापी उकाईच्या धरणात अडते. समुद्रापर्यंत काही पोचायचं तर आधी धरणाची परवानगी काढावी लागते."

बसमध्ये हशा पिकला. मी खूश झालो. माइक हातात असला की मला स्वतःचं बोलणं फार आवडतं, हा माझा जुना आजार. मागच्या सीटवरच्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या मांडीवर कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते पोटाशी घट्ट धरलं आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

आधी माझा धंदा सांगतो. मी सुरतेत प्रोसेस हाउसमध्ये सुपरवायझर होतो. कापडाला रंग बसला की नाही ते बघायचो. गुडघे बोलायला लागले तेव्हा नोकरी सोडली आणि एक-दिवसाची टूर सुरू केली. पांडेसरा, बमरोली, उधना इथल्या मराठी कुटुंबांना रविवारी सुरत दाखवायची. ही माणसं इथे वर्षानुवर्षं राहतात, पण कापडाचे लूम आणि खोली यांच्यापलीकडे त्यांनी फारसं काही पाहिलेलं नसतं. सकाळी नदीकाठचा किल्ला, मग इंग्रज आणि डच लोकांची घुमटांची थडगी, दुपारनंतर डुमसचा समुद्र आणि जमलं तर सुवाळीचा किनारा. थडग्यांपाशी मी थोड्या थापा मारतो. एका घुमटावर गोष्टीतला एक मजला मीच चढवलेला आहे. कोणाचं काही बिघडत नाही, असं माझं मत होतं.

त्या रविवारी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. आखाजीला खानदेशी माणूस गावी जातो. ज्यांना जाता आलं नाही त्यांच्यासाठी मी खास बस काढली होती.

डुमसला उतरल्यावर सगळे भजीच्या गाड्यांकडे पांगले. मागच्या सीटवरच्या बाईंचा मुलगा, योगेश, माझ्याजवळ आला. बमरोलीत लूमवर मास्तर, माग बिघडले की दुरुस्त करणारा. त्याची बायको मागे उभी होती.

"काका, काय बोलून गेलात?"

"काय बोललो?"

"धरणाचं. आई घागर भरायला आलीय इथे."

मी अमळनेरचा. मला पुढचं सांगावं लागलं नाही; तुम्हाला सांगतो. आखाजीला आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर भरतात. वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवतात, आंबा ठेवतात. त्याला पाणी पोचावं म्हणून.

योगेशचा मामा तापीच्या पुरात गेला होता. काठावरची पाण्याची मोटर काढायला उतरला, तो परत आला नाही. प्रेत मिळालं नाही. लग्न झालेलं नव्हतं. योगेशच्या आजीने मरेपर्यंत त्याची घागर भरू दिली नाही. जिवंत माणसाची घागर कोणी भरतं का, म्हणायची. गेल्या वर्षी आजी गेली. आता त्याचं म्हणून मागे उरलं ते माणूस एकच, ही बहीण.

"आम्ही वर्षभर समजावलं त्यांना," सून म्हणाली. "म्हटलं, तापी जिथे संपते तिथे मामा पोचले असतील. तिथे भरा घागर. कशाबशा तयार झाल्या."

"आणि तुम्ही म्हणालात वरचं काही येतच नाही," योगेश म्हणाला. "आता म्हणतेय, मना भाऊ आठे उनाच नही मग. इथवर आलाच नाही म्हणे. परत वाट बघायला लागेल ती, काका. दारात कोणी आलं की अजूनही आधी पाय बघते, मामाचे आहेत का म्हणून. तुम्ही जाऊन सांगा, चुकलो म्हणून."

थापा मारण्यात हात बसलेला माणूस मी. पण इथे खोटं सांगावं तर त्या बाईंची घागर खोट्यावर भरली जाणार. खरं सांगावं तर ती रिकामी परत जाणार.

योगेशची आई, सुमनआक्का, वाळूवर बसल्या होत्या. डुमसची वाळू काळी, ऊन पडलं की तापते, पण त्यांना त्याचं भान नव्हतं. ओहोटी लागायची होती, पाणी जवळ होतं. पलीकडे हजिऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसत होत्या. मी शेजारी बसलो.

"भाऊ," त्यांनीच विचारलं, "त्या धरणमाईन माणूस येस का?"

"धरणातून? माहीत नाही, आक्का."

"तू तर सगळं सांगत होतास मघाशी."

"ते माइकवरचं होतं. खरंच माहीत नाही मला."

"आणि पाणी?"

"पाणी येतं. अडवतात, पण मग सोडतात. गावचंच पाणी इथवर येतं."

त्या उठल्या, कापड सोडलं. आतून लहानशी लाल घागर निघाली. लाटेपर्यंत गेल्या, बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकल्या.

"खारं शे."

"समुद्र आहे आई, खाराच असणार," योगेश म्हणाला.

"मंग खारं पाणी कसं देऊ त्याले?"

त्यांनी घागर परत कापडात गुंडाळायला घेतली. हात घाईघाईने चालत होते. मला वाटलं, सुटल्यासारखंच वाटलं असावं त्यांना. घागर भरायची नाही, म्हणजे तो गेलेला नाही. योगेशने तोंड फिरवलं.

तेवढ्यात पुढच्या सीटवरचे पाटील आले. "ओ टूरवाले, सुवाळीचं काय? बघायच्या जागांत सुवाळी सांगितली होती."

"जरा थांबा, पाटील."

"थांबलोच आहे."

मी बसकडे गेलो. ड्रायव्हर जयेशभाई सीटवर आडवे झाले होते. मी पाण्याचा जार उचलला तसे ते उठले.

"अरे, पॅसेंजर का पानी है."

"असू दे."

जार रोज माझ्या घरून भरून येतो. मिनरल वॉटर वगैरे नाही, नळाचं गाळलेलं पाणी. सुरतेच्या नळाला तापीचंच पाणी. मी तो आक्कांपुढे ठेवला आणि एवढंच सांगितलं. "गोडं आहे. तापीचं आहे. वरून आलेलंच."

त्या जाराकडे बघत राहिल्या. माझ्याकडे नाही, मुलाकडे नाही. मग म्हणाल्या, "तो कोठे शे ते माले माहीत नही. पण तहान तर लागसच ना."

सुरूच्या सावलीत त्यांनी घागर मांडली. मी जार कलता करून धरला. सुनेने डांगर आणि आंबा काढून दिला. आक्का ओठातल्या ओठात काही म्हणाल्या आणि मग रडल्या. इतक्या वर्षांचं एकदम. योगेश त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला.

सुवाळी राहिली. पाटील परतीच्या वाटेवर कुरकुरत होते, पण आवाज खाली ठेवून. आक्कांनी घागर तिथे ठेवली नाही. आखाजीची घागर घरात असते. मांडीवर भरलेली घागर धरून त्या बमरोलीपर्यंत आल्या. पाणी हिंदकळू नये म्हणून जयेशभाईंनी बस अशी चालवली, की सायकलवाले आम्हाला मागे टाकून गेले.

उकाईचा विनोद मी अजूनही करतो. फक्त आधी विचारून घेतो, बसमध्ये नदीकाठचं कोण आहे. थडग्यावरचा मजला मात्र तसाच आहे, त्या साहेबांची बहीण काही बसमध्ये यायची नाही.

संध्याकाळी घरी आलो. बायको ओट्यापाशी होती. सगळं सांगितलं. आपण प्रसंग कसा निभावला, हेही थोडं आलं त्यात. ती ऐकत होती. शेवटी हात पुसत म्हणाली, "घागर भरताना नाव घेतात. काय नाव होतं त्याचं?"

"मी जार धरून उभा होतो. ऐकू आलं नाही."

"विचारलं पण नाहीत?"

"नाही."

"मग फोन लावा त्या मुलाला. पाणी आपल्या घरचं होतं, कोणाला दिलं ते माहीत नको?"